गोलामागची गॅलरी

हळवणला पहिल्यांदाच फुटबॉल बघायला आलेला पाहुणा हमखास चुकतो. मैदानाच्या पूर्वेला, बरोबर मधल्या रेघेसमोर, पिंपरणीची दाट सावली आहे. तिथून दोन्ही गोल सारखे दिसतात, वाराही तिथंच लागतो. शहाणा माणूस गॅलरी तिथंच बांधेल म्हणून पाहुणा तिथं जातो, आणि त्याला सापडतात दोन भेळेचे गाडे, पंचवीसेक सायकली आणि कुणाची तरी सोडलेली शेळी. गॅलरी नसते.

गॅलरी आहे उत्तरेच्या गोलामागं. चारच पायऱ्या, काळ्या दगडाच्या, उन्हानं तापलेल्या. तिथं बसलं की पुढ्यात एका गोलकीपरची पाठ येते, बाकी सामना लांब कुठं तरी चाललेला असतो. पलीकडचा गोल तिथून दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तरी जत्रेच्या सामन्याला पहाटेपासून माणसं तिथं जागा धरतात. नगरपालिकेनं एकदा ही गॅलरी पाडून सावलीत नवी बांधायचा ठराव मांडला होता. मांडणारे सभासद पुढच्या निवडणुकीत असे पडले की अजून उठून बसलेले नाहीत.

पायऱ्यांचे दगडही बघण्यासारखे आहेत. एक दुसऱ्यासारखा नाही. एक घडीव चिरा, त्याला चिकटून जात्याची तळी, मग ओढ्यातला गोटा, मग कुणाच्या तरी उंबऱ्याचा तुकडा. पाटा आहे, उखळ आहे, एक तर चक्क म्हशीला पाणी पाजायच्या डोणीचा कान आहे. आणि पहिल्या पायरीवर अक्षरं कोरलेली आहेत : कै. गुंडाप्पा आण्णाप्पा लोणारी ऊर्फ गुंडातात्या गॅलरी.

हे गुंडातात्या खेळाडू नव्हते. त्यांनी उभ्या जन्मात चेंडूला पाय लावला नाही. ते रेघ मारायचे.

गोष्ट जुनी आहे. तेव्हा गोलाला जाळी नव्हती. सागाचे दोन वासे आणि वर आडवा बांबू, एवढाच गोल. हळवणात तालमी दोन, वडाची आणि तळ्याची. कुस्ती मागं पडून फुटबॉल आला तरी दोघींचं वैर काही मागं पडलं नाही. माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोन्ही तालमींचा सामना व्हायचा आणि जिंकेल त्या तालमीला दुसऱ्या दिवशी ग्रामदेवी हळवाईच्या पालखीचा पुढचा खांदा मिळायचा. वर्षभर गावात मान वर करून चालायचं की खाली घालून, ते त्या दीड तासात ठरायचं.

तात्यांची नदीकाठाला चुन्याची भट्टी होती. मैदानावर मारायची पांढरी फक्की त्यांच्याच भट्टीची. तात्यांचं घर वडाच्या गल्लीत, तालीम वडाची, पोरगाही वडाच्या संघात. पण रेघ मारायला त्यांनाच बोलवा, असं तळ्याचेही म्हणायचे. कारण पहिल्या वर्षी तात्यांनी हळवाईच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं होतं, “माझी रेघ ना वडाची, ना तळ्याची. रेघ ती रेघ.” तेव्हापासून रिवाज पडला. चेंडू रेघेच्या आत गेला की नाही असा वाद झाला, तर शेवटचा शब्द ज्यानं रेघ मारली त्याचा. पंच कितीही मोठा असो, तात्यांकडे बघायचा.

तात्या दोरी लावत नसत. डाव्या काखेत घमेलं, उजव्या मुठीत फक्की, आणि उलट पावली चालत मुठीतून धार सोडायची. एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत आठ पावलं आणि आठव्या पावलाला टाच बरोबर वाशाला लागायची. रेघ अशी की मुंग्यासुद्धा ती सोडून जात नसत म्हणे. एकदा सरकारी मोजणीदार साखळी घेऊन आला, रेघेला साखळी लावली आणि तालुक्याला जाऊन साखळी बदलून मागितली, असंही सांगतात. यातलं किती घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. एवढं मात्र खरं, की तीस वर्षांत तात्यांच्या रेघेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तात्यांना ते ठाऊक होतं, आणि सामन्याच्या सकाळी रेघ मारताना ते घमेलं जरा जास्तच ऐटीत धरायचे.

पण चुना डोळ्यांना चांगला नाही. भट्टीवर चुना विझवताना उडणारी वाफ तीस वर्षं डोळ्यांत गेलेली. त्या वर्षी दिवाळीपासून तात्यांच्या उजव्या डोळ्यावर दुधाची साय धरावी तसं झालं आणि मग डाव्यातही धुकं उतरायला लागलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, हौसाबाईला नाही, आणि पोराला, केरबालाही नाही. चहा कपाबाहेर सांडला तर “कप हलला” म्हणायचे. ओळखीच्या माणसाला ओळख दिली नाही तर “विचारात हुतो” म्हणायचे. रेघवाल्याचे डोळे गेले हे कळलं तर घमेलं दुसऱ्याच्या काखेत जाईल, आणि मग गुंडातात्या म्हणून गावात उरतंच काय? हा विचार त्यांना भट्टीपेक्षा जास्त भाजत होता. आठ पावलं तर पायांना पाठ आहेत, डोळे हवेत कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

केरबा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. वडाच्या तालमीचा गोलकीपर. अंगानं किडकिडीत, बोलण्यात मुका म्हणावा इतका कमी. पण हात असे की चेंडू यायचा आणि त्याच्या छातीशी निजायचा. त्याच वर्षी त्याची सोयरीक ठरली होती आणि मुलगी नेमकी तळ्याच्या गल्लीतली. त्यावरून तालमीत रोज चेष्टा चालायची. संघाचा कप्तान ईश्वरा मगदूम तोंडाचा मोठा फटकळ. तो म्हणायचा, “केरबा, सासऱ्यानं चेंडू मारला तर अडीवणार का पाया पडणार?” केरबा नुसता हसायचा.

सामन्याच्या दिवशी सकाळी तात्यांनी नेहमीप्रमाणे रेघा मारल्या. जत्रेला आलेले पाहुणे भोवती उभे राहून बघत होते. उत्तरेच्या गोलाची रेघ शेवटची. तात्या पहिल्या वाशापासून निघाले, मूठ सोडली, आठव्या पावलाला टाच वाशाला लागली. “आहाहा,” कुणी तरी म्हणालं. तात्यांनी घमेलं झटकलं आणि ते गोलामागं पालथं घालून त्यावर बसले. ती त्यांची ठरलेली जागा.

पहिल्या अर्ध्या डावात गोल झाला नाही. दुसऱ्या अर्ध्याला बाजू बदलल्या आणि केरबा उत्तरेच्या गोलात आला, बापापासून चार हातांवर. खेळ सुरू व्हायच्या आधी तात्यांना मातीत खर्र खर्र आवाज ऐकू आला.

“काय करायला लागलाईस रं?” तात्यांनी विचारलं.

“काय न्हाई, तात्या. पाय मोकळं करतोय.”

गोलकीपर टाचेनं मातीत खूण करतात, तशी करत असेल, म्हणून तात्यांनी पुढं विचारलं नाही. आवाज मात्र या वाशापासून त्या वाशापर्यंत गेला.

सामना संपायला चार-पाच मिनिटं उरली असतील. तळ्याच्या रायगोंडानं उजवीकडून चेंडू आणला. रायगोंडा म्हणजे दोन माणसांचा एक माणूस. त्यानं अंगावर घेतलेले तिघं बाजूला पडले आणि त्यानं जवळूनच लाथ हाणली. केरबा झेपावला. चेंडू त्याच्या छातीवर आदळून खाली पडला, मागं सरकला, आणि केरबानं पालथं पडून तो दोन्ही हातांनी मातीत दाबून धरला. धुरळा उठला. तळ्याचे ओरडले, “गोल!” वडाचे ओरडले, “अडला!” बाहेरगावहून आणलेले ड्रिलमास्तर पंच होते. ते लांब होते, त्यांना धुरळाच दिसला. ते धावत आले आणि त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“तात्या,” ते म्हणाले, “तुम्ही सांगा.”

तात्या घमेल्यावरून उठले. केरबा चेंडू न सोडता तसाच पडून होता. तात्या गुडघ्यांवर बसले, डावा डोळा मातीला लागेल इतके वाकले. फक्की पांढरी होती म्हणून दिसली. तिच्यामागं चेंडू, आणि चेंडू अन् फक्कीच्या मध्ये दोन बोटं मोकळी माती. त्यांनी पुन्हा बघितलं. दोन बोटं. जराही शंका नाही.

आपलं पोरगं आहे. आपली तालीम आहे. उद्याचा पालखीचा खांदा आहे. सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते सोपं नव्हतं. पण हळवाईच्या पायरीवर ठेवलेला हात त्यांचाच होता.

“केरबा,” त्यांनी विचारलं, “तुझं काय म्हणणं हाय?”

केरबानं मान वर केली. त्याचं तोंड उघडलं, हे जवळच्या चार माणसांनी बघितलं. तो वाशांकडं बघत होता, मग बापाच्या डोळ्यांकडं बघितलं. मग तोंड मिटलं.

“तात्या म्हणतील ते,” तो म्हणाला.

तात्या उभे राहिले. “चेंडू रेघेच्या आत हाय. पुरा आत हाय. गोल.”

त्या गोलानं तळ्याची तालीम जिंकली. रायगोंडाला खांद्यावर घेऊन ते नाचत गेले. तात्यांना शिवी द्यायची वडाच्या कुणाची छाती झाली नाही. ती सगळी केरबाच्या वाट्याला आली. ईश्वरा मगदूम कप्तान, त्यानं सुरुवात केली.

“दिलास न्हवं सासुरवाडीला आहेर!” तो सगळ्यांदेखत ओरडला. “लगीन लागायच्या आधीच हातपाय गळालं व्हय रं तुझं?”

मग सगळ्यांनाच तोंड फुटलं. म्हातारे बोलले, पोरं बोलली, शेंगा विकणारी बाई बोलली. ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं ते जास्त बोलले. केरबा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिव्यांतून चालत गेला. त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. तात्या घमेल्यावर बसून ऐकत होते. आपण खरं तेच बोललो, त्याची झळ पोरानं सोसायलाच पाहिजे, असं म्हणत त्यांनी मन दगडाचं केलं. संध्याकाळी गावातून गुळाचे ट्रक मिरजेच्या स्टेशनाकडे निघाले, त्यातल्या एकात केरबा बसलेला कुणी तरी बघितला. जत्रेच्या गर्दीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी केरबाचं अंथरूण तसंच घडी घातलेलं होतं. तात्या ओसरीवर बसले होते. हौसाबाईनं चहा आणून दिला आणि त्यांच्या हातात कप नीट धरवला.

“घेतो की माझा मी,” तात्या म्हणाले.

“कप हलतोय न्हवं तुमचा,” हौसाबाई म्हणाली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “तेला सगळं ठाव हुतं. पोरगं महिनाभर माझ्या मागं लागलंय, तात्यास्नी मिरजंच्या डोळ्याच्या दवाखान्यात न्यायला पायजे म्हणून. काल सकाळी मैदानावरनं आलं ते कोपऱ्यात बसलं. काय झालं म्हटलं, तर म्हणालं, आये, आज काय बी झालं तरी तात्यास्नी कोण हसता कामा नये.”

तात्यांनी कप खाली ठेवला. मग उठले, खुंटीवरची सुताची दोरी घेतली आणि मैदानाकडं निघाले. तीस वर्षांत त्यांनी रेघेला दोरी लावली नव्हती.

मैदानावर कुणी नव्हतं. तात्यांनी दोरीचं एक टोक पहिल्या वाशाच्या बुडाला बांधलं, चाचपडत दुसऱ्या वाशाकडं गेले, दोरी ताणून बांधली. मग गुडघ्यांवर बसून एक हात दोरीवर आणि दुसरा फक्कीवर ठेवून सरकायला लागले. वाशापाशी दोरी आणि फक्की एकत्र होत्या. पुढं फक्की हळूहळू दोरी सोडून मैदानात गेली. चार बोटं. वीत. मधोमध दीड वीत. पुढच्या वाशाजवळ पुन्हा दोरीला येऊन मिळाली. म्हशीच्या पोटासारखी रेघ होती. त्या पोटात चेंडू आरामात मावत होता, आणि मावलाही होता.

चेंडू फक्कीच्या आत गेला होता. वाशांच्या आत गेला नव्हता. केरबानं तो अडवला होता.

असं सांगतात, की तात्या तिथंच बसून राहिले आणि त्यांची बोटं मातीवर फिरत राहिली. फिरता फिरता ती एका खाचेत पडली. टाचेनं ओरखडलेली खाच. या वाशापासून निघालेली, बरोबर दोरीखालून, सुतासारखी सरळ, त्या वाशापर्यंत. खर्र खर्र.

पोरानं सकाळीच बघितलं होतं. बाजू बदलताच त्यानं खरी रेघ आपल्या टाचेनं मारून घेतली होती आणि अर्धा डाव तिच्यावर उभा राहिला होता. बापानं विचारलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं होतं ते हे सांगायलाच. “तात्या, रेघ वाकडी हाय.” चार शब्द. तेवढ्यानं गोल वाचला असता, सामना वाचला असता, त्याची स्वतःची अब्रू वाचली असती. फक्त सगळ्या गावादेखत बाप आंधळा ठरला असता.

तात्या दोरी तशीच बांधलेली ठेवून देवळाकडं निघाले. पालखी बाहेर आली होती. पुढचा खांदा रायगोंडानं घेतला होता, हलगी कडाडत होती. तात्या दोन्ही हात पुढं धरून गर्दीत घुसले आणि पालखीच्या दांड्याला हात लागला तिथं थांबले.

“खाली ठेवा,” ते म्हणाले.

हलगी थांबली. कुणी म्हणालं, “तात्या, काय झालं? बाजूला व्हा.”

“खाली ठेवा म्हणतोय न्हवं! मला दिसत न्हाई. दिवाळीपासनं दिसत न्हाई. मी रेघ वाकडी मारली. जावा, दोरी बांधून आलोय, बघून या. पोरगं सरळ हुतं. पोरानं चेंडू अडिवला हुता.”

दोन्ही तालमींची माणसं मैदानावर गेली. एकेकानं वाकून बघितलं. कालही ती रेघ सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होती. पण गुंडातात्याची रेघ वाकडी असेल हे कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, म्हणून डोळ्यांनी बघूनही कुणी बघितली नव्हती. ईश्वरा मगदूम टाचेच्या खाचेशी बसला तो उठेना. रायगोंडानं पालखीचा खांदा सोडला. वडाच्यांनी घ्यावा, तर त्यांनाही तोंड नव्हतं. शेवटी पुढचा एक खांदा रिकामा ठेवून पालखी निघाली, आणि हळवाई त्या वर्षी सगळी वाट कलती गेली.

रायगोंडा आणि ईश्वरा, काल एकमेकांच्या उरावर बसणारे, एकाच ट्रकात बसून मिरजेला गेले. स्टेशनावर विचारलं, धर्मशाळा बघितल्या. पुढं हुबळीला गेले, पुण्याला गेले. कुणी म्हणालं गोव्याच्या खाणीवर आहे, तर तिथंही जाऊन आले. केरबा सापडला नाही. सोयरीक ठरलेल्या मुलीच्या बापानं दोन वर्षं वाट बघितली, मग तिला दुसरीकडं दिलं.

तात्यांनी फक्कीला पुन्हा हात लावला नाही. “ज्या जाग्यावर मी तेला बुडिवला, त्या जाग्यावरनं मी हलणार न्हाई,” ते म्हणाले. “आला तर हितंच येणार. गोलकीपर दुसरीकडं कुठं यील?” भट्टी विझली. ते रोज सकाळी चाचपडत यायचे आणि उत्तरेच्या गोलामागं बसायचे. हौसाबाई दुपारी भाकरी घेऊन यायची. एके दिवशी तिनं बघितलं, तर तात्यांनी कुठून तरी एक चिरा ढकलत आणला होता आणि त्यावर बसले होते.

“ह्यो कशाला?” तिनं विचारलं.

“केरबाला वाईट बोलला त्येचा दगड,” तात्या म्हणाले. “पयला माझा.”

ही गोष्ट गावात पसरली. दुसऱ्या दिवशी ईश्वरा मगदूम घरचा पाटा डोक्यावर घेऊन आला. तात्यांच्या चिऱ्याला लावून ठेवला, त्यावर बसला, घटकाभरानं उठून गेला. मग एकेक यायला लागलं. शेंगा विकणाऱ्या बाईनं उखळ आणलं. कुणी जातं फोडून तळी आणली, कुणी उंबरा उपटला. ज्याच्या घरी काही नव्हतं त्यानं ओढ्यातला गोटा आणला. तळ्याचेही आले. म्हणाले, आम्ही शिव्या दिल्या नाहीत, पण ऐकून हसलो. आठ दिवसांत चार पायऱ्या झाल्या. आता कुणी ते दगड मोजलेच, तर त्या वेळच्या हळवणच्या माणसांपेक्षा ते जास्त भरतात. त्याचा अर्थ एवढाच, की काहींनी दोन दोन आणले.

पुढच्या वर्षी सामना झाला. दोन्ही गोलकीपरांनी मिळून दोरी धरली तेव्हाच रेघ मारली गेली. वडाच्या गोलात नवा गोलकीपर होता. दहाव्या मिनिटाला त्याच्या पायांतून चेंडू गेला, अगदी साधा, सोडायला नको होता असा. पोरगं मान खाली घालून उभं राहिलं. लोकांची तोंडं उघडलीच होती, तेवढ्यात गोलामागून दगडावरून तात्या उठले. दिसत काहीच नव्हतं त्यांना. पण चेंडू वाशांतून गेल्याचा आवाज, आणि त्यानंतर गोलकीपर जो गप्प होतो तो आवाज, त्यांना कळला होता.

“रेघ वाकडी हुती रं लेकरा!” ते ओरडले.

शिव्या ज्याच्या त्याच्या घशात राहिल्या.

मग कोणत्याही गोलकीपरला, वडाच्या असो की तळ्याच्या, की बाहेरून आलेल्या पाहुण्या संघाच्या, उत्तरेच्या गोलात गोल झाला की तात्या उठून तेच ओरडायचे. दक्षिणेच्या गोलात झाला तरी ओरडायचे, आवाज तिकडं पोचावा म्हणून दोन्ही हात तोंडाला लावून. काही पाहुणे गोलकीपर चमकून मागं बघायचे. हा म्हातारा कोण, कुणाशी बोलतोय, त्यांना कळत नसे. तात्या थोडा वेळ कान देऊन उभे राहायचे. उत्तर येतंय का बघायचे. मग बसायचे.

असं अठरा वर्षं चाललं. मध्येच हौसाबाई गेली. त्यानंतर भाकरी ईश्वराच्या घरून यायची, आणि ईश्वरा स्वतः घेऊन यायचा.

बाहेरच्या माणसांना गोड वाटावं म्हणून काही जण इथं केरबाला परत आणतात. रेल्वेच्या संघातून दाढी वाढवलेला एक गोलकीपर आला, त्यानं गोल खाल्ला, तात्यांनी हाक दिली आणि तो वाशाला धरून रडला, असं सांगतात. मोजणीदाराची साखळी खोटी पडली, मुंग्या रेघेवरून गेल्या, हे सगळं ज्याला खरं मानायचं त्यानं मानावं. पण हे मानू नये. केरबा आला नाही. कधीच आला नाही. त्याचं पत्रही आलं नाही, आणि आपल्या बापानं पालखी थांबवली होती, हे त्याला कधी कळलं की नाही, तेही हळवणात कुणाला ठाऊक नाही.

तात्या गेले ते सामन्याला दहा दिवस असताना, त्याच दगडावर बसल्या बसल्या. भाकरी घेऊन आलेल्या ईश्वराला वाटलं, झोप लागली आहे.

सामना मात्र झाला, कारण जत्रा थांबत नाही. तात्यांचा चिरा मोकळा ठेवून माणसं पायऱ्यांवर बसली होती. दुसऱ्या अर्ध्यात उत्तरेच्या गोलात तळ्याचा गोलकीपर होता. त्याला गोल झाला. वडाचे आनंदानं उठले आणि तसेच थांबले. अठरा वर्षांत गोलानंतर जी हाक यायची ती आली नव्हती. मैदान इतकं गप्प झालं की गोल मारणाऱ्यालाही आपण काही चुकीचं केलं असं वाटलं. गोलकीपर मातीकडं बघत उभा होता. चेंडू मागं जाऊन दगडाला लागून थांबला होता, तो उचलायलाही कुणी जाईना.

तेव्हा दुसऱ्या पायरीवरून ईश्वरा मगदूम उठला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. फटकळपणा कधीच सुटला होता. त्यानं तात्यांसारखे दोन्ही हात तोंडाला लावले.

“रेघ वाकडी हुती रं लेकरा!”

मग सगळी गॅलरी उठली.

आजही हळवणच्या मैदानावर गोल झाला की आधी गॅलरी उठते, मग जल्लोष होतो. गोल कुणाचाही असो. रेघ आता दोरी लावून मारतात, पोलादी टेपनं मोजतात, केसाइतकीही वाकडी नसते. ओरडणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्या गोलकीपरलाही. तरी हाक आली की तो मान वर करतो, मागं जाऊन चेंडू उचलतो आणि दोन हातांनी मधल्या ठिपक्याकडं फेकून देतो.